थरच्या वाळवंटात घोड्यावरची सफर : मुलूख कोणता निवडावा आणि आयोजक कसा पारखावा?

प्रश्न : तापीकाठ (शहादा)

आमच्या घरी मारवाडी जातीची घोडी आहे. थोरल्या भावाने ती सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. गेली काही वर्षे मी आणि माझी पुतणी तिच्यावर शेतरस्त्याने, कापूस निघालेल्या रानातून आणि उन्हाळ्यात गोमाई नदीच्या कोरड्या पात्रातून नियमित रपेट करतो. येत्या दिवाळीनंतर आम्हा दोघांना राजस्थानातील थरच्या वाळवंटात सहा-सात दिवसांची घोड्यावरची सफर करायची आहे. पुढे माहीतगार वाटाड्या, प्रत्येक स्वाराला आयोजकाचा घोडा, सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी आणि रात्री तंबूत वस्ती, असे या सफरींचे सर्वसाधारण स्वरूप असते.

तीन आयोजकांशी बोलणे झाले आहे. एक शेखावटीतील गावांमधून नेतो, दुसरा जोधपूरच्या पश्चिमेकडील खडकाळ मुलखातून आणि तिसरा जैसलमेरच्या बाजूच्या वाळूच्या टेकड्यांवरून. तिघांचीही छायाचित्रे सुंदर आहेत आणि त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. पहिल्या सफरीसाठी कोणता भाग योग्य ठरेल? रोज तास-दीड तास रपेट करणाऱ्या माणसाला सलग काही दिवस पाच-पाच तास घोड्यावर बसणे जमेल का? आयोजकाचे घोडे नीट राखलेले आहेत हे दुरून कसे ओळखावे? माझे वय ४८ आणि वजन ९२ किलो आहे. पुतणी २० वर्षांची आणि हलकी आहे. शेवटचा प्रश्न मनापासून विचारतो : घोडी मूळची मारवाडीच आहे, तर तिला सोबत नेता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : सातपुड्याचा स्वार (शिरपूर)

तापीकाठ भाऊ, शेखावटी आणि जोधपूर-बाडमेरकडचा मुलूख मी घोड्यावरून पाहिला आहे, म्हणून तेवढ्यापुरते सांगतो.

थर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त वाळूच्या टेकड्या येतात, परंतु त्या मुलखाचा मोठा भाग मुरमाड माळ, उघडे खडक, खाऱ्या पाण्याची सखल जमीन आणि काटेरी झुडपांची राने असा आहे, आणि घोड्यावरून जाताना प्रत्येक जमीन वेगळी लागते. शेखावटी म्हणजे सीकर, झुंझुनू आणि चुरू या जिल्ह्यांचा पट्टा. तेथे बाजरी, मटकी, मूग आणि गवार निघाल्यावर शेते मोकळी होतात. वाळू असते, पण ती पावसाने आणि नांगराने बसलेली असते आणि घोड्याचा पाय त्यात फार रुतत नाही. दोन वस्त्यांमधले अंतर कमी असते. तिथे वस्तीला ‘ढाणी’ म्हणतात आणि तेथील माणसे घोड्याला पाणी द्यायला स्वतःहून पुढे येतात. वाटेत नवलगड, मंडावा, फतेहपूर यांसारख्या गावांतील भित्तिचित्रांच्या हवेल्या लागतात. पहिल्या सफरीसाठी मी हाच भाग सुचवेन.

जोधपूरच्या पश्चिमेचा मुलूख अधिक कठीण आणि माझ्या मते अधिक मोलाचा आहे. तेथील खडक लालसर-तपकिरी, ज्वालामुखीजन्य आहेत. उतारावर सुटे दगड असतात. अशा ठिकाणी वाटाड्या सर्वांना खाली उतरायला लावतो आणि लगाम हातात धरून चालत जावे लागते. लूणी नदीचे पात्र बहुतेक दिवस कोरडे असते आणि बालोतऱ्याच्या खाली तिचे पाणी खारट होत जाते, त्यामुळे नदी दिसली म्हणून घोड्यांच्या पाण्याची सोय झाली असे समजता येत नाही. त्याच भागात झाडे आणि वन्यजीव जपणाऱ्या बिश्नोई समाजाची गावे आहेत. काळवीट आणि चिंकारा तेथे शेतांत निर्धास्त चरतात, आणि घोड्यांचा तांडा जवळून गेला तरी मान वर करून पाहण्यापलीकडे हालचाल करत नाहीत. १७३० साली खेजडली गावी खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची झाडे वाचवताना ३६३ माणसांनी प्राण दिले, आणि ही गोष्ट तेथे आजही रोजच्या वागण्यात आहे. घोड्याला हाकायला म्हणूनही खेजडीची डहाळी मोडायची नाही, हे आमच्या वाटाड्याने पहिल्याच सकाळी बजावले होते.

अंतराचा हिशेब सांगतो. घोडा चालीने ताशी सहा-सात किलोमीटर जातो, दुडकीने बारा-तेराच्या आसपास. दिवसाला २५ ते ३० किलोमीटर हा चांगला पल्ला समजावा. त्यात बहुतेक वेळ चाल, मधूनमधून दुडकी आणि जमीन ओळखीची व घट्ट असेल तेथेच दौड. छायाचित्रांत दिसणारी टेकडीवरची भरधाव दौड सफरीचा अगदी छोटा भाग असते आणि ती तशीच छोटी असली पाहिजे. भुसभुशीत वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरांवर फार ताण येतो. शिवाय त्या मुलखात उंदरांची आणि सांड्यांची, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्यांची बिळे जागोजाग असतात. भरधाव घोड्याचा पाय बिळात गेला तर घोडा आणि स्वार दोघांचेही जन्माचे नुकसान होऊ शकते. म्हणूनच वाटाड्याच्या पुढे घोडा काढायचा नाही, हा नियम सर्व चांगल्या आयोजकांकडे असतो आणि तो कोणासाठीही शिथिल केला जात नाही.

मांड पक्की असेल तर पाच तास बसणे जमते. मात्र घरच्या घोडीवरची मांड आणि अनोळखी घोड्यावरची मांड यांत फरक पडतो. पुढच्या काही महिन्यांत ओळखीच्या लोकांचे दोन-तीन निराळे घोडे मागून घेऊन त्यांवर अवश्य बसावे.

उत्तर : पशुवैद्य (नंदुरबार)

वजनाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो आपण स्वतःहून मांडलात आणि बहुतेक स्वार तो टाळतात. स्वार, खोगीर आणि खोगिराला बांधलेले सामान मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांपर्यंत भार असावा, असा संकेत जगभर पाळला जातो. मध्यम बांध्याच्या मारवाडी घोड्याचे वजन साडेतीनशे ते चारशे किलोच्या दरम्यान भरते. आपले ९२ किलो आणि खोगीर-रिकिबीचे आठ-दहा किलो धरले तर भार शंभरावर जातो, म्हणजे त्यासाठी पाचशे किलोचा घोडा हवा. एखाद्या तासाच्या रपेटीत घोडा हे निभावून नेतो. वाळूत सलग सहा दिवस तोच भार वाहताना त्याची पाठ दुखू लागते आणि खोगिराखाली जखम होते. आपण दिवाळीपर्यंत आठ-दहा किलो कमी करावेत, मोठ्या हाडापेराचा घोडा आधीच मागून घ्यावा आणि रोजच्या पल्ल्यातील काही भाग पायी चालण्याची तयारी ठेवावी. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच मी आपल्याला जा म्हणेन.

आयोजक पारखण्यासाठी त्याला घोड्यांविषयी प्रश्न विचारावेत आणि उत्तर किती तपशिलाने येते ते पाहावे. घोड्याला सामान्य दिवशीही तीस-चाळीस लिटर पाणी लागते आणि कामाच्या दिवशी ते वाढते. दहा घोड्यांचे पाणी कुठून येणार, टँकर सोबत असतो की गावांतील टाक्यांवर भिस्त आहे, हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. दाणा तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातून देतात का आणि चारा ताडपत्रीवर टाकतात का, हे विचारावे. जमिनीवर टाकलेला चारा खाताना वाळू पोटात जाते, ती आतड्यात साचते आणि त्यातून जीवघेणा पोटशूळ उठतो. वाळवंटी भागात घोडे दगावण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते केवळ एका ताडपत्रीने बरेचसे टाळता येते.

पोहोचल्यावर खोगीर चढवण्यापूर्वी घोडा उघडा पाहावा. मानेच्या मागच्या उंचवट्यावर आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तेथे पूर्वी खोगीर लागून जखम झालेली असते. पाठीवरून बोटे दाबत न्यावीत. घोडा पाठ खाली झुकवत असेल किंवा कान मागे टाकत असेल तर त्याला दुखते आहे. हिरडीवर अंगठा दाबून सोडावा, रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींत थांब्यावर ते ठरावीक वेळात ६४ पर्यंत उतरले नाहीत तर घोड्याला पुढे जाऊ देत नाहीत. आपल्या वाटाड्याला हा आकडा ठाऊक नसला तरी चालेल, पण दुपारच्या मुक्कामात तो प्रत्येक घोड्याच्या छातीला आणि पायांना हात लावून फिरतो की नाही, हे नक्की बघावे. जो फिरतो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

घोडी सोबत नेऊ नये. अश्ववर्गीय जनावरांना होणारा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होऊ शकतो, त्यावर लस नाही आणि बाधित ठरलेले जनावर कायद्यानुसार नष्ट करावे लागते. म्हणून प्रवासापूर्वी रक्ततपासणी आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि सर्व कागद जमले तरी अनोळखी घोड्यांच्या कळपात तिला नेण्याची जोखीम उरतेच. दुसरे कारण आतड्याचे आहे. आपल्याकडचा चारा आणि तेथील बाजरी-गवारीचा पाला-भुसा वेगळा; घोड्याचा आहार आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा लागतो, आणि एवढा वेळ सफरीत मिळत नाही. जात मारवाडी असली तरी तिचे खूर, तिचे पोट आणि तिचा दम शहाद्याच्या काळ्या जमिनीत घडलेले आहेत.

उत्तर : गिरणाकाठ (चाळीसगाव)

शेखावटीची शिफारस योग्य असली तरी जैसलमेरची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. त्या भागात वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. सेवण गवताची सपाट कुरणे तेथे क्षितिजापर्यंत पसरलेली आहेत आणि ती पाहिल्यावर घोड्यावरून प्रवास करणाऱ्या जुन्या माणसांचे जग समजते. मात्र सम आणि खुडीच्या टेकड्यांवर जीपगाड्या व उंटांची इतकी गर्दी असते की घोड्यांसाठी ती जागा नाही. तेथूनच फेरी सुरू करणारा आयोजक टाळावा. वाळवंट राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेले असून माळढोकाचा तो शेवटचा मोठा आसरा आहे. त्याच्या हद्दीतून आणि सीमेलगतच्या प्रतिबंधित पट्ट्यातून जाण्याचा मार्ग कोणी सांगत असेल तर परवानगीचा कागद आधी पाहावा.

उत्तर : बोरीकाठ (अमळनेर)

मी आणि माझी धाकटी बहीण शेखावटीतील अशा सफरीला गेलो होतो. आपल्या पुतणीच्या दृष्टीने काही गोष्टी लिहिते, कारण पुरुष स्वारांच्या लिखाणात त्या राहून जातात.

तंबूची जागा, शौचालयाची व्यवस्था आणि गटात इतर स्त्रिया आहेत का, हे आधी स्पष्ट विचारावे. चांगला आयोजक संकोच न करता नेमके उत्तर देतो. आमच्या आयोजकाने पैशांविषयी बोलण्यापूर्वीच आमचे वजन, उंची, घोड्यावर बसण्याचा सराव, पूर्वीची दुखापत आणि घोड्याच्या कोणत्या चालीची भीती वाटते, हे सारे विचारून घेतले होते. त्याच फोनवर आमचा निर्णय झाला. स्वाराविषयी काहीही न विचारता जागा राखून देणारा आयोजक घोडा कोणत्या आधारावर निवडणार?

कपड्यांबाबत सांगायचे तर मांडीच्या आतल्या बाजूस शिवण नसलेली, अंगाबरोबर बसणारी विजार घ्यावी. जीन्सची जाड शिवण दुसऱ्याच दिवशी कातडी सोलते. बुटाला छोटी टाच असावी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. घोडेस्वारीचे वेगळे हेल्मेट मिळते तेच वापरावे आणि ते स्वतःच्या मापाचे असावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. दुपारचे ऊन आपल्याला काही नवे नाही. मे महिन्यातले जळगाव-भुसावळ सोसलेल्या माणसाला नोव्हेंबरातला थर दिवसा सौम्यच वाटतो. रात्र मात्र वेगळी असते. वाळू सूर्यास्तानंतर झपाट्याने थंड होते आणि डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खालीही उतरतो, त्यामुळे लोकरीचा सदरा, टोपी आणि मोजे अंथरुणातच ठेवावेत. भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडे कपड्यांना, घोड्याच्या आयाळीला आणि बोटांना चिकटतात; छोटा चिमटा खिशात असू द्यावा.

घोड्यांविषयी एक निरीक्षण नोंदवते. तेथे अनेक आयोजक नर घोडे स्वारीला देतात. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याएवढे अंतर सोडणे, कोणाच्याही मागे अगदी खेटून न जाणे आणि पाण्यावर एकदम गर्दी न करणे, हे नियम नीट पाळले तर काही त्रास होत नाही. पुतणीला हे आधीच सांगून ठेवावे, कारण घरच्या एकट्या घोडीवर शिकलेल्या स्वाराला घोड्यांच्या गटात वागण्याची सवय नसते. पहिल्या दिवशी मला माझ्या घोड्यापेक्षा शेजारच्या घोड्याकडेच अधिक लक्ष द्यावे लागत होते. दुसऱ्या दिवसापासून ते अंगवळणी पडले आणि मग आजूबाजूचा मुलूख दिसू लागला.

संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावर आयोजकाची माणसे घोडा ताब्यात घेतात. शक्य असेल तर त्यांना विचारून खरारा आपण स्वतः करावा. घोडा दिवसभर आपल्याला वाहून आणतो, त्याच्या अंगावरचा घाम आणि वाळू आपल्या हाताने काढली की त्याची पाठ, त्याचे पाय, त्याची थकण्याची पद्धत आपल्याला कळू लागते, आणि दुसऱ्या दिवशी आपण अधिक जपून बसतो.

तापीकाठ (शहादा)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटले. घोडी घरीच राहील आणि वजनावर आजपासून काम सुरू करतो. बोरीकाठ ताईंचे उत्तर पुतणीला वाचून दाखवले. तिने स्वतःसाठी हेल्मेटची चौकशीही सुरू केली. शेखावटी नक्की केले आहे. आता एवढेच विचारतो की पुढच्या पाच महिन्यांत सराव नेमका कसा वाढवावा आणि तारीख कोणती मागावी?

उत्तर : सातपुड्याचा स्वार (शिरपूर)

सराव वेळेने वाढवावा, वेगाने नव्हे. पावसाळ्यात काळ्या मातीत घोडीचा पाय फसतो, म्हणून त्या महिन्यांत मुरमाच्या रस्त्याने फक्त चाल आणि थोडी दुडकी ठेवावी. पोळ्यानंतर जमीन जरा घट्ट झाली की आठवड्यातून एकदा सलग तीन तासांची रपेट करावी, त्यात दर तासाला दहा मिनिटे उतरून घोडीसोबत चालावे. दसऱ्यापासून लागोपाठ दोन दिवस अशी लांब रपेट करून पाहावी, कारण अंग पहिल्या दिवशी दुखत नाही, दुसऱ्या सकाळी पुन्हा खोगिरावर बसताना दुखते, आणि सफरीत ती सकाळ रोज येते. तिच्यावर आपण दोघेही बसता, तेव्हा एका दिवशी एकानेच लांब रपेट करावी. दुसऱ्याने त्या दिवशी पायी चालावे. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला वजनाचा हिशेब घरच्या घोडीलाही लागू आहे.

दुडकीवर रिकिबीत उठत-बसत जाण्याचा सराव आवश्यक आहे. आपल्या भागातील अनेक स्वार रवाल चालीच्या घोड्यावर वाढलेले असतात. ती चाल इतकी सपाट असते की स्वाराला उठावेच लागत नाही, आणि मग दुडकीचा घोडा मिळाला की कंबर आखडते आणि घोड्याच्या पाठीवर सारखे आदळणे होते. यात्रेत नाचकाम शिकवलेले घोडे पाहून अनेकांना स्वारीची कल्पना येते, परंतु त्या शिक्षणात घोड्याची मान वर आणि पाठ ताठ ठेवलेली असते. लांब पल्ल्याचा घोडा मान सैल सोडून, पाठ मोकळी ठेवून चालतो. त्याला तसे चालू देणे, म्हणजे लगाम सैल धरूनही तोल राखणे, हे स्वाराने शिकायचे असते. जमिनीवरून दोन्ही बाजूंनी चढता-उतरता येणे आणि खोगिरावर बसल्या बसल्या तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, घट्ट करता येणे, या दोन गोष्टीही पुतणीला घरीच शिकवून ठेवाव्यात.

तारखेबाबत असे सांगेन की दिवाळीनंतर लगेचचा पंधरवडा टाळावा. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास पुष्करचा मेळा असतो, त्या काळात राजस्थानातील घोडेवाले, नालबंद आणि वाहने तिकडे गुंतलेली असतात. पौर्णिमा उलटल्यानंतरचा आठवडा मागावा. तोपर्यंत तेथील खरिपाची शेते मोकळी झालेली असतात आणि थंडीही बेताची असते. नंतर, ओलिताच्या भागात मोहरी आणि गहू उंच झाले की शेतांतून घोडे नेता येत नाहीत व वाटाड्याला गाडीरस्त्यांवरून फिरावे लागते. नंदुरबारहून सुरत आणि तेथून अहमदाबादमार्गे जयपूर असा रेल्वेप्रवास सोयीचा पडतो. जयपूरपासून नवलगड-मंडाव्याकडे रस्त्याने जाता येते. रात्रभराच्या प्रवासानंतर त्याच दिवशी घोड्यावर बसू नये. एक मोकळा दिवस राखून तिकीट काढावे आणि त्या दिवशी आपल्याला दिला जाणारा घोडा डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे उघडा पाहून घ्यावा. तो पटला नाही तर दुसरा मागण्याची सवड मिळेल.